हात वर करून घेतलेला कॉम्प्युटर

टीव्ही सेंटर चौकाजवळच्या आमच्या गटाच्या त्या एका खोलीत प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची. पत्रकाचा मथळा, मोर्चाची वेळ, चहा कुठल्या टपरीवरून, सगळं. लोकशाही म्हणजे लोकशाही. त्याच रीतीनं आम्ही कॉम्प्युटर घेतला आणि सपशेल फसलो.

हर्सूलकडच्या वस्तीत आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. आम्ही पत्रकं काढायचो, पालिकेतले साहेब लोक त्यांच्यावर डबे ठेवून जेवायचे. म्हणून ठरलं, जनसुनावणीत बायकांचं बोलणंच पडद्यावर दाखवायचं. सात जणींचं मोबाइलवर चित्रण केलं. त्यातल्या कोपऱ्यावरच्या मावशी सलग नऊ मिनिटं बोलल्या. उठताना मला म्हणाल्या, "समदं दाखवायचं बरं का. अर्धं नाय."

सगळं जोडून एकच फिल्म करायची होती. चित्रण एचडी, आणि गटाचा जुना कॉम्प्युटर ते उघडतानाच गार पडायचा. मी दुकानं पालथी घालून एका ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डबा शोधला. दिसायला कळकट, पण सोळा जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे जड चित्रणही न अडखळता चालणार. त्याच किमतीत दुकानदारानं दुसरा पुढं केला: रॅम चार जीबी, सोबत हा एवढा मोठा स्क्रीन.

बैठक बसली. मी रॅमवर भाषण ठोकलं.

"तुझं ते रॅम दिसतं का कुठं?" एका मैत्रिणीनं विचारलं.

"दिसत नाही. पण त्याच्याशिवाय..."

"मग दिसतं ते घे की बाई. एडिटिंग म्हणजे बघायचंच काम हाय ना?"

स्क्रीनला अकरा हात. रॅमला माझा एकटीचा.

त्या स्क्रीनवर मावशी झकास दिसायच्या, फक्त हलायच्या नाहीत. तोंड उघडं ठेवून थिजायच्या. तुकडा जरा लांबला की सगळंच बंद. सुनावणीपर्यंत मावशींचं जेमतेम दीड मिनिट फिल्ममध्ये बसलं. बाकीचं मी कापलं. बहुमत त्यांचं, कात्री माझी.

तेव्हा लई संताप आला होता. आता तेवढं एडिटिंग माझा फोन चहा होईपर्यंत करतो, पण भांडायला शेजारी कुणी नसतं. शाईचा वास, करकरणारा पंखा आणि रॅम न कळणारी ती अकरा माणसं, या सगळ्याची मला फार आठवण येते.

त्या दिवशी सुनावणीत फिल्म संपली. साहेबांनी पुढच्या विषयाचा कागद उलटला, तशा मावशी उठल्या.

"थांबा सायेब. पोरींच्या मशीनला माझं बोलणं झेपलं नाय. ऱ्हायलेलं मी सांगते."

त्या उभ्यानं बोलत राहिल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग आमच्याकडं बघितलं, आणि शेवटी पेनाचं टोपण काढून लिहायला घेतलं.