झाशी ते बबीना, गेमिंग कॉम्प्युटरवर

सीपरी बाज़ारात आमचं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे, माझं आणि राजूभैयाचं. संध्याकाळी शटर ओढताना राजूभैया रोज म्हणतो, "आज तो कुछ हुआ ही नहीं." मग एकेक आठवायला लागतं आणि शटर अर्ध्यावरच राहतं. बायको म्हणते, तुमच्या दुकानात माल कमी आणि किस्से जास्त. म्हणू दे. पण त्यातले गोडबोलेकाकांचे किस्से सांगायला घेतले, की मी सुरुवात हसत करतो आणि पुढे ते काही जमत नाही.

*

गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस आधी खोटं बोलतो. "पढ़ाई के लिए चाहिए." मग हळूच विचारतो, ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकाल? एक बाबूजी मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून घेऊन गेले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, की गाडीच्या रेसमध्ये स्टिअरिंग जोडता येतं का. मी विचारलं, मुलगी खेळते वाटतं? तर म्हणाले, "नहीं भैया, वो तो पढ़ती है."

खरं बोलणारं गिऱ्हाईक आम्हाला एकच भेटलं, ते म्हणजे गोडबोलेकाका. भुसावळकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आले आणि झाशीचेच झाले. रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर, सत्तरीच्या आसपासचे. काउंटरवर छत्री ठेवून सरळ म्हणाले, "गेम खेळायचाय. आगगाडीचा. आणि पैसे बेताचे आहेत."

राजूभैयाने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

*

पैसे बेताचे असले की आमचा नियम ठरलेला. मॉनिटर छोटा घ्या, कॅबिनेट साधं घ्या, रंगीबेरंगी दिवे विसरा, आणि वाचलेलं सगळं कार्डात घाला. काकांनी नेमकं उलटं धरलं. मॉनिटर मोठ्यात मोठा हवा, बाकी जुनं चालेल. मी समजावून थकलो. राजूभैया म्हणाला, "चाचा, फिर टीवी ही ले लो ना."

तेव्हा ते बोलले. काचबिंदू होता. कडेचं दिसेनासं होत चाललं होतं, मधलं तेवढं उरलं होतं, आणि तेही किती दिवस ते डॉक्टर सांगत नव्हता. नोकरीची दोन वर्षं राहिलेली असताना डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि रेल्वेने त्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवलं.

"आदल्या दिवशी गाडी आणली आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला गेलो," ते म्हणाले. "ती शेवटची, हे मला कुणी सांगितलंच नाही रे सुधीर. माहीत असतं तर नीट बघून घेतली असती. आता डोळे आहेत तोवर एकदा चालवायचीय."

मोठा मॉनिटर दिला. सेकंडहँड होता, पण पडदा स्वच्छ होता. कार्डही एक जुनं, पण दणकट बघून टाकलं.

*

कुणा हौशी माणसाने झाशी ते बीना मार्ग त्या गेममध्ये हुबेहूब बनवला होता. तो आम्ही दुकानातच चालवून बघितला. म्हणजे, पाच मिनिटांत बघून होईल असं आम्हाला वाटलं होतं! काकांनी चष्मा पुसला, बुटांचे बंद बांधले आणि गाडी सोडली. अर्धा तास झाला तरी वाटेतलं बबीना स्टेशन येईना. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली. राजूभैयाने हळूच सांगितलं, चाचा, हे बटण दाबलं की सरळ पुढच्या स्टेशनवर जाता येतं.

काकांनी मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने चालत्या गाडीतून उडी मारायला सांगितलं होतं. म्हणाले, "और पीछे जो लोग बैठे हैं?"

बबीना आलं तेव्हा खोळंबलेल्या गिऱ्हाइकांनीच टाळ्या वाजवल्या.

*

कॉम्प्युटर घरी नेला त्या दिवशी काकूंनी पूजा मांडली. हळद, कुंकू, फूल, सगळं यथासांग. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी वरच्या जाळीतून मूठभर अक्षता आत सोडल्या. बटण दाबल्याबरोबर आतल्या पंख्याने थोड्या अक्षता त्यांच्याच अंगावर उडवल्या. काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. काका म्हणाले, "घाबरू नकोस, आशीर्वाद दिला त्याने." तासभर मी चिमट्याने तांदूळ वेचत बसलो होतो. त्या घरात इतकं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

*

सहा महिन्यांनी फोन आला. मॉनिटर मंद झालाय, येऊन बघ. गेलो. मॉनिटर लख्ख होता. उजेड आधीच पूर्ण वाढवलेला होता, आणखी वाढवायला जागाच नव्हती. मी मागे वळलो तर काकू दारात उभ्या, पदराचं टोक तोंडाशी धरून मान हलवत होत्या. मी म्हटलं, "काका, केबल सैल होती. झालं." ते म्हणाले, "हां, आता बरं दिसतंय."

असा मी तीनदा केबल घट्ट करून आलो. चौथ्या वेळी त्यांनी फोन केलाच नाही. काकूंचा हात धरून स्वतः दुकानात आले. म्हणाले, हा मॉनिटर परत घे, कार्ड काढून घे, आणि त्या पैशांत बसतील तेवढे चांगले स्पीकर दे. इंजिनाचा आवाज खोल यायला हवा.

राजूभैयाला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची खोड आहे. त्या दिवशी तो आत जाऊन खोके लावत बसला.

*

स्पीकर बसवायला मीच गेलो. कार्ड नसल्यामुळे चित्र अगदी भुरकट आणि खडबडीत येत होतं, पण गेम चालत होता. दुकानातून नेलेला जुना छोटा मॉनिटर लावला, तोही काकांच्या सांगण्यावरून काकूंच्या बाजूला वळवून. मला आधी कळेना. मग कळलं. इंजिनात दोघं असतात, आणि सिग्नल दिसला की तो मोठ्याने बोलायचा, असा नियमच आहे. आता बघायचं आणि बोलायचं काम काकूंचं होतं. नाकावर चष्मा, पडद्याला जवळजवळ टेकलेल्या.

गाडी सुटली. स्पीकर खरंच चांगले होते, माझ्या खुर्चीला कंप जाणवत होता. काकू सांगत होत्या, "हिरवा. हिरवा." काका मान हलवत होते, बोटं बरोब्बर त्या-त्या बटणावर पडत होती. बबीनाच्या अलीकडे काकू म्हणाल्या, "लाल." काकांनी गाडी अशी अलगद थांबवली, की मला धक्का बसला नाही याचंच नवल वाटलं.

काकू उठल्या आणि तिघांचा चहा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, ड्यूटीचा निरोप आला की ह्यांचा चहा उभ्याउभ्याच व्हायचा, नाहीतर तसाच राहायचा. सगळी नोकरी अशीच गेली.

मी पडद्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला होता.

"सुटला का गं?" काकांनी विचारलं.

काकूंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कप काकांच्या हातात नीट धरवून दिला आणि शेजारी बसल्या.

"लाल आहे अजून," त्या म्हणाल्या. "सावकाश प्या."