सोमवार-गुरुवारचा ड्रायव्हर

अंबरनाथमधला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा माझ्या हातात कामाची एकच गोष्ट उरली होती, अवजड गाडीचं लायसन. कारखान्याचा ट्रक मी चालवायचो. त्या लायसनवर मला शहर बसवर बदली ड्रायव्हर म्हणून घेतलं. बदली म्हणजे कायमचा ड्रायव्हर आला नाही तरच काम. तो आला की आपण घरी.

विठ्ठलवाडीला आमच्या गाड्यांचं आवार होतं. फाटकापाशी एक लांब बाक होता. आम्ही बदलीवाले सकाळी त्यावर येऊन बसायचो आणि फाटकाकडे बघत राहायचो. एकेक कायमचा ड्रायव्हर आत येई, तशी आमची एकेक गाडी कमी होई. कोणी खोकत आला की आम्ही कान टवकारायचो. कुणाच्या गावी जत्रा आहे, कुणाच्या सासऱ्याचं जास्त झालंय, सगळं आम्हाला पाठ. माणसांची एवढी विचारपूस मी आयुष्यात कधी केली नव्हती. त्यामागे काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्ही त्यावर हसायचो.

मग मला दादा मिळाला. तो बदलापूरच्या गाडीवर कायम होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिसला न्यावं लागे. दादाने गाड्या वाटून देणाऱ्या टाइमकीपरला सांगितलं, "माझी गाडी या दोन दिवशी ह्यालाच द्या. क्लच जपून दाबतो." झालं, बाकावर माझं नावच पडलं. मी दिसलो की पोरं ओरडायची, "आला बघ, सोमवार-गुरुवार!"

त्या दोन दिवसांनी आमचं घर सावरलं. बाकीचे दिवस मी विठ्ठलवाडीजवळच्या कॅम्प तीन वस्तीतल्या एका जीन्सच्या कारखान्यात गठ्ठे उचलायचो. तिथला सिंधी शेठ म्हणायचा, "ड्रायव्हर साब, जिस दिन बस नहीं, उस दिन पक्का आना." पक्कं, हा शब्द किती दिवसांनी कानावर पडला होता. बायको नव्या उत्साहाने डबा भरायला लागली. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की ती म्हणायची, "त्या ताईंना लवकर बरं वाटू दे." मनापासून म्हणायची. माझेही हात जोडलेले असायचे. पण तेवढं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. ते राहायचे बेलवलीला आणि दवाखाना होता कॅम्प तीनमध्ये. म्हणजे मी ज्या बाईच्या आजारामुळे गाडीवर बसलो होतो, ती माझ्याच गाडीने दवाखान्यात जायची. सकाळच्या परतीच्या फेरीला दोघं बेलवलीच्या स्टॉपवर उभी असायची. दादा साध्या शर्टात, हातात पिशवी. वहिनींना तो आधी चढवायचा आणि पुढच्या, माझ्या पाठीमागच्या सीटवर बसवायचा. स्वतः उभाच राहायचा, दांडी धरून. स्वतःच्या गाडीत प्रवासी म्हणून बसायची त्याला सवय नव्हती.

वहिनी बोलक्या होत्या. पाय सुजलेले, चेहरा पिवळट, पण तोंड बंद नाही.

"अहो, बघा, ब्रेक असा लावतात. नाहीतर तुम्ही!"

"तुझ्या भावजींना नवी हौस आहे. वर्षभराने बघ," दादा म्हणायचा.

एकदा त्या पुढे वाकून मला म्हणाल्या, "भावजी, तुमची नोकरी माझ्यावर आहे हां. मी बरी झाले तर तुमचं काय?"

कंडक्टर हसला, दादा हसला. मीही हसलो. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. चेष्टाच होती ती. पण जे मी अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःशी बोलायलाही धजत नव्हतो, ते त्या भर गाडीत हसत बोलून गेल्या होत्या.

मग कळलं की वहिनींचा धाकटा भाऊ किडनी द्यायला तयार झालाय. दादाच्या अंगात वारं शिरलं. भेटेल त्याला सांगत सुटला. मला म्हणाला, "ऑपरेशन झालं की महिनाभर सुट्टी घेतो, गाडी तूच चालव." महिनाभर! आणि त्यानंतर? त्यानंतर पुन्हा बाक. मी "फार चांगलं झालं, दादा" म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

तपासण्या चालू होत्या त्या काळात मी रोज काहीतरी निमित्त काढून दादाला विचारायचो, काय म्हणतात डॉक्टर? सगळ्यांना वाटायचं, किती जीव आहे ह्याचा त्यांच्यावर.

एका बुधवारी शेठकडे जाण्याआधी मी आवारात डोकावलो. दादा गाडीच्या पायरीवर बसला होता.

"नाही जमत," तो म्हणाला. "मेव्हण्यालाच साखर निघाली. डॉक्टर नको म्हणाले."

मी "अरेरे" म्हणालो. पण ते उशिरा म्हणालो. त्याआधी माझा श्वास सुटला होता, खांदे सैल पडले होते. दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मागून येणारी गाडी आरशात क्षणभरात टिपणारी ती नजर. तिला काय दिसलं असेल ते मला माहीत आहे.

तो उठला, पँट झटकली. "उद्या गाडी तुझीच आहे," म्हणाला. बाकावर बातमी आधीच पोचली होती. तिथून कोणीतरी ओरडलं, "पार्टी दे रे, सोमवार-गुरुवार!" दादाने तेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीसारख्या चढल्या. "भावाने दगा दिला हो, भावजी. आता तुम्हीच न्या आणि आणा." मी मान डोलावली. त्या दिवशी मी एकेक खड्डा चुकवत गाडी चालवली. एवढी हळू की मागून एकजण ओरडला, "ओ ड्रायव्हर, बैलगाडी हाय का?" वहिनींनी मागे वळून त्यालाच झापलं, "घाई असेल तर रिक्षाने जा की!" दादा दांडी धरून बाहेर बघत होता. मी त्याची माफी मागू शकलो असतो. पण कशाची, हे आधी सांगावं लागलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. दिवसकार्य होईपर्यंत गाडी माझ्याकडेच होती. नंतरच्या सोमवारी मी सवयीने गाडीपाशी गेलो, तर दादा युनिफॉर्म घालून आधीच वर बसलेला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली.

"दादा, आज सोमवार," मी बोलून गेलो.

"माहीत आहे," तो म्हणाला. "घरी बसून काय करू?"

मी आवारातून बाहेर पडलो. बाकावर बसायचं धैर्य झालं नाही. घरी आलो, चप्पल काढली आणि दारातच रडायला लागलो. बायकोने पाणी आणून दिलं. "फार जीव लावला होता ना ताईंनी," असं म्हणत ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी तो हात फिरवू दिला. कशासाठी रडतोय, हे मी तिला सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी सांगायला बसलो, तरी त्यातलं वहिनींसाठी किती होतं आणि गाडीसाठी किती, हे मला वेगळं करता येत नाही.