हिल्सबरोच्या कॅमेलियाची पाटी

माझ्या वडिलांना दोघांनी फसवलं. आधी ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या एका जुन्या बागेच्या समितीने, आणि त्यानंतर मी.

आबा पुण्याच्या एका बागेत चाळीस वर्षं माळी होते. आई गेल्यावर ते दर ऑक्टोबरला माझ्याकडे ऑकलंडला यायचे आणि इथली थंडी पडायच्या आत, एप्रिलमध्ये, परत जायचे. शहरातल्या ओटाहुहू भागात माझं कुंड्या-रोपांचं दुकान आहे. ते मी एकट्याने उभं केलं. कुठे ताणून धरायचं आणि कुठे उठून चालू लागायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

हिल्सबरोच्या त्या बागेत व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक कॅमेलिया, गुलाबासारख्या फुलांचं झाड, होता. लावणारा इंग्रज साहेब आधी हिंदुस्थानात सरकारी बागेवर होता. त्याने बागकामावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि मग काचेच्या पेट्यांत रोपं घालून जहाजाने इकडे आला. समितीला त्याचा फार अभिमान. पण झाडाची मुळं कुजत चालली होती, आणि त्यांच्या तज्ज्ञांनी कलमासाठी लावलेली एकही काडी जगली नव्हती.

मी कुंड्या पोचवायला गेलो होतो, आबा सोबत होते. त्यांनी झाडाला एक फेरी मारली, डहाळी मोडून वास घेतला.

"गुटी बांधू," ते म्हणाले. "खाली मुळं कुजतायत ना? मग वर फांदीलाच फोडायची."

अध्यक्षबाईंशी सौदा मी केला. जगतील त्यातली दोन रोपं माझी, पाण्याची सोय त्यांची, आणि आबांच्या कामात कुणी हात घालायचा नाही. सगळं कागदावर, सहीनिशी. निघताना म्हटलं, झाड वाचलं तर पाटीवर वडिलांचं नाव हवं. "ऑफ कोर्स," बाई म्हणाल्या. त्याचा कागद मी मागितला नाही. आयुष्यात तेवढा एकच.

आबांनी सात फांद्या निवडल्या. प्रत्येकीची बोटभर साल गोल काढली, त्यावर ओलं शेवाळ, वरून गोणपाट आणि सुतळी, की झाली गुटी. गोणपाट मी एका कॉफीवाल्याकडून आणला. वर टांगलेल्या डब्यातून थेंब थेंब पाणी. एक दिवसाआड मी त्यांना घेऊन जायचो, आणि ते काम करता करता बोलायचे.

"माझ्या आजोबांनी असल्याच एका साहेबाला हे शिकवलं. साहेब स्टुलावर बसून लिहून घ्यायचा. आजोबांना वाटायचं, हजेरी मांडतोय."

ते हसले. मीही हसलो.

एप्रिलमध्ये गोणपाट सोडले तेव्हा पाच फांद्यांना पांढरी मुळं फुटलेली होती. हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, मूळ झाड तोडावं लागलं. पुढच्या ऑक्टोबरला आबा आले, तेव्हा समितीने आपल्या वाट्याची तीन रोपं समारंभाने लावली आणि पाटीवरचं कापड काढलं. आबांनी इस्त्रीची टोपी घातली होती.

पाटीवर लिहिलं होतं, की हे झाड त्या साहेबाने लावलं, आणि त्याच्याच ग्रंथातल्या पद्धतीने त्याचा वंश वाचला. बाकी काही नाही.

माझं डोकं फिरलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "पद्धत त्यांच्या पुस्तकात छापलेली आहे. आम्हाला आधार लागतो." माझा आवाज चढला, लोक वळून पाहू लागले. आबांनी माझी बाही ओढली.

"काय रे? काय लिहिलंय?"

इतक्या माणसांत ती टोपी बघून माझ्याने खरं सांगवलं नाही. म्हटलं, "तुमचं नाव आहे, आबा. पुण्याचे माळी म्हणून."

त्यांनी पाटीवरून सावकाश बोट फिरवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"रंग चांगला लावलाय," म्हणाले. "पावसात टिकेल."

मी फोटो काढला. एप्रिलमध्ये ते परत गेले, आणि दिवाळीच्या आधी पुण्यात वारले. तोच फोटो तिथे भिंतीवर आहे, हार घातलेला. आबा, आणि त्यांच्या हाताखाली दुसऱ्याचं नाव.

तेराव्यानंतर आम्ही ऑकलंडला परतलो, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आबांना लेटर्स रीड करता येत होते, यू नो." समारंभाच्या संध्याकाळी त्यांनी तिला कागदावर आपलं नाव इंग्रजीत काढून दाखवलं होतं, अक्षर न् अक्षर. म्हणाले होते, हे त्या पाटीवर नाही. पण तुझ्या बापाला सांगू नकोस, तो भांडेल.

मी विसरलो होतो. चाळीस वर्षं त्या बागेतल्या झाडांच्या पत्र्याच्या पाट्या आबाच रंगवायचे, लॅटिन नावांसकट. अर्थ कळत नसे, अक्षर एकही चुकत नसे. लहानपणी त्यांचा रंगाचा डबा मीच धरायचो.

माझ्या खोट्याचा जाब विचारणारा माणूस आता नाही. ते मला घेऊनच जगायचंय. माझ्या वाट्याची दोन रोपं दुकानाच्या दारात आहेत, यंदा फुलली. गिऱ्हाइकं किंमत विचारतात. मी सांगत नाही.

समितीला मी दोन पत्रं लिहिली. विषय बैठकीत घेऊ, एवढंच त्यांनी कळवलं. म्हणून अध्यक्षबाई, इथे लिहून सगळ्यांसमोर विचारतो. साहेब जाऊन शंभर वर्षं होऊन गेली. मग त्या सात गुट्या कुणी बांधल्या? तुम्ही बघत होतात. उत्तर लिहून द्या, आणि खाली सही करा.