हलगी नसलेला कोतवाल

धानवाडीच्या कचरू रणपिसेला कुलपाशी बोलायची सवय होती. खुळा नव्हता तो, कोतवाल होता. तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. सरकारची नोटीस गावाला कळवायची, हे त्याचं काम. दाराला कुलूप दिसलं तरी तो उंबऱ्यासमोर उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणायचा. मग कागद फटीतनं आत सारून पुढच्या दाराला जायचा. कागदावर 'सांगितले' असं लिहायचं तर सांगायला पाहिजे. ऐकणं ज्याचं त्याच्याकडं.

बाकीच्या गावांत कोतवाल हलगी वाजवून दवंडी देतात. कचरू देत नव्हता. छप्पन साली त्याचा बाप सटवा नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तो पाणीसुद्धा न पिता खुंटीवरची हलगी घेऊन परड्यात गेला. दगडावर ठेवून फोडली. चामडं एकीकडं, कडं एकीकडं. "ह्या घरातलं कुणी आता गावापुढं वाजवणार न्हाई," एवढंच बोलला. कचरू तेव्हा नऊ वर्षांचा. ते कडं त्यानं चाक म्हणून काठीनं पळवायला घेतलं, तर बापानं तेही हिसकलं आणि मुस्काटात दिली. का दिली, ते कळायला त्याला पुढं दहा वर्षं लागली.

चौऱ्याहत्तर साली नेमणूक झाली तेव्हा त्यानं तलाठ्याला सांगितलं होतं, "सगळं काम करतो. हलगी सोडून." तलाठी हो म्हणाला, कारण दुसरं कुणी मिळत नव्हतं. पण छापील दाखल्यावर ओळ तीच राहिली: 'गावात दवंडी पिटून कळविले.' कचरू त्या ओळीवर रेघ मारायचा, वर बारक्या अक्षरात 'घरोघर जाऊन तोंडी सांगितले' असं लिहायचा आणि खाली सही करायचा. तीस वर्षं हे चाललं. आठ तलाठी आले न् गेले. एकानंही ती ओळ वाचली नाही.

मग विमानतळाचं निघालं.

कंपन्या आल्या, खराडीला काचेच्या इमारती उठल्या, तशी धावपट्टी आखूड पडायला लागली. ती लांबवायची तर धानवाडीचं माळरान हवं आणि दिल्लीचा निधी हवा. दिल्लीनं नाही म्हटलं नाही. दिल्लीनं अटी धाडल्या, एकोणीस. राज्यानं जमीन बिनतंट्याची द्यावी. आपला हिस्सा आधी बाजूला काढून ठेवावा. पर्यावरणाचा दाखला जोडावा. आसपासची घरं, झाडं, टाक्या किती उंच, ते मोजून द्यावं. आणि शेवटची अट अशी, की ज्यांची जमीन जाणार आणि ज्यांच्या डोक्यावरनं विमानं जाणार त्यांना रीतसर कळवून जनसुनावणी घ्यावी, कळवल्याचा पुरावा सोबत लावावा. मार्चअखेर फाइल पोचली नाही तर गेलं वर्ष.

सुनावणीची नोटीस घेऊन कचरूनं तीन दिवस गाव धरलं. गाव तरी काय उरलं होतं? अर्ध्या धानवाडीच्या सोसायट्या झालेल्या. त्याची स्वतःची वस्ती केव्हाच विकून पांगली होती. तोही विश्रांतवाडीत दोन खोल्यांत राहायचा आणि सकाळी सायकल हाणत गावात यायचा. बायको चंद्रभागा जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलता लेक प्रज्ञेश खराडीला कंपनीत होता. येत्या बारा तारखेला तो आणि सून आम्रपाली अमेरिकेला निघायची होती, तीन वर्षांसाठी.

सोसायटीच्या फाटकावर राखणदारानं अडवलं. "कुरियर उधर रख दो, चाचा."

"कुरियर न्हाई. कोतवाल हाय."

राखणदाराला ते कळलं नाही, पण त्यानं भिंतीवरच्या फोनचं बटण दाबून दिलं. कचरू त्या जाळीत नोटीस म्हणायला लागला. दुसऱ्या ओळीला आतनं बाईचा आवाज आला, "आम्हाला काही घ्यायचं नाहीये."

"म्या इकत न्हाई, ताई. कळवतोय."

"मग मेल करा ना."

खट्ट झालं. कचरूनं नोटीस पुरी केली आणि दुसरं बटण दाबायला सांगितलं. शहाऐंशी बटणं होती.

शेवटचं घर गोदाबाईचं. धावपट्टीच्या भिंतीला लागून पत्र्याचं. लेकांनी वाकडेवाडीला फ्लॅट घेतले होते, म्हातारी हलत नव्हती. तिनं चुलीपुढनंच नोटीस ऐकून घेतली.

"तुझा बा वाजवायचा तवा भाकरी थापता थापता हात थांबायचा बघ," ती म्हणाली. "लई ग्वाड वाजवायचा."

"त्याचा हात दुखायचा, काकू."

"त्ये आमाला काय ठावं?"

"तेच की," कचरू म्हणाला आणि सायकलीला टांग मारली.

चावडीवर श्रीनिवास तलाठी वाट बघत होता. पेठेतलं पोरगं, बोलणं मोजकं आणि धारेचं. त्यानं दाखला कॉम्प्युटरवर छापून आणला होता. कागद गुळगुळीत, ओळ जुनीच. कचरूनं पेन काढून रेघ मारायला टेकवलं, तसा श्रीनिवासनं कागद खसकन ओढला.

"नाना, खाडाखोड चालणार नाही. फाइल दिल्लीला जायचीय. अठरा अटी झाल्या, आपल्या सहीवर एकोणिसावी अडलीय."

"लिवलंय त्ये म्या केलं न्हाई, भाऊसाहेब."

"गावाला कळवलंत ना?"

"कळवलं. पिटलं न्हाई."

"हलगी वाजली का, हे ऐकायला दिल्लीत कुणी कान लावून बसलंय का?"

"मग दिल्लीला लिवायचं कशापायी? वाक्य बदला की."

"नमुना वरून आलाय. मी कोण बदलणारा?" श्रीनिवासनं कागद कपाटात ठेवला. "सुनावणीच्या दिवसापर्यंत विचार करा. नोकरीची तीन वर्षं राहिलीत आपली. विमानतळाला एकोणीस कागद लागतात. कोतवालाला काढायला एकच लागतो."

कचरू घरी आला. चंद्रभागा असती तर म्हणाली असती, "सही करा न्हायतर नगा करू, आधी जेवून घ्या." त्यानं जेवून घेतलं. मग प्रज्ञेशला फोन लावला.

"बाबा, फॉर्मॅलिटी आहे हो. साइन करून टाका. रनवे वाढला तर डायरेक्ट फ्लाइट येईल. नाहीतर दर वेळी मुंबईला उतरा आणि तिथनं चार तास गाडी."

"तुझ्या आज्यानं त्ये वाजवायचं सोडलं..."

"माहितेय, हलगीची स्टोरी. पण आता कोण विचारतंय? माझ्या ऑफिसात कुणाला हलगी म्हणजे काय ते ठाऊक नाही."

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. कुणी विचारू नये म्हणूनच तर बापानं ती फोडली होती. पण ज्यांनी ती फोडताना पाहिली ती माणसं एकेक करत गेली, आणि ज्याच्यासाठी फोडली त्याला तिचं काही राहिलं नाही. मधे उरला होता एकटा कचरू, हातात पेन घेऊन.

"बॅगा भरल्या का?" त्यानं विचारलं. वीस-वीस किलोच्या चार भरल्या होत्या.

सुनावणी बारा तारखेलाच आली. शाळेच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडलेल्या, माणसं नऊ. सुनावणी घ्यायला जिल्ह्याहून अधिकारी प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या. त्यांनी कागद चाळले आणि दाखल्यापाशी थांबल्या. "इथं कोतवालाची सही नाही."

"करताहेत," श्रीनिवास म्हणाला आणि पेन कचरूकडं सरकवलं.

कचरू उभा राहिला. हॉलभर रिकाम्या खुर्च्या त्याच्याकडं बघत होत्या. "बाईसाहेब, दवंडी पिटली न्हाई. म्या पिटत न्हाई. दारोदार जाऊन सांगितलं."

"का पिटत नाही?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न सरकारी माणसानं पहिल्यांदा विचारला. कचरूला बापाचं परडं दिसलं, दगड दिसला. पण नऊ माणसांपुढं ते काढून ठेवायला तोंड झालं नाही. "आमच्या घरात सोडलंय," तो म्हणाला.

मॅडमनी पुढं विचारलं नाही. बसलेल्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"ह्यो दारात आलता," गोदाबाई बसल्या जागेवरनं म्हणाली. "समदं म्हणून दावलं. माझी भाकरी करपली."

सोसायटीतला एक पेन्शनर म्हणाला, "मी दार उघडलं नव्हतं. झोपलो होतो. बाहेरून यांचा आवाज आला, थांबेचना. शेवटी तारीख लिहून घेतली."

मॅडमनी दाखला श्रीनिवासकडं परत दिला. "अट कळवण्याची आहे, वाजवण्याची नाही. जे झालं ते लिहून आणा."

"नमुना..."

"मी सही करते ना खाली. आणा."

श्रीनिवास मोटरसायकलवरनं गेला आणि पाऊण तासात नवा कागद घेऊन आला. कचरूनं तो दोनदा वाचला. 'घरोघर जाऊन तोंडी सांगितले.' छापील, सरळ, स्वच्छ. पेन सवयीनं ओळीवर गेलं, रेघ मारायला. तिथंच थबकलं. मग खाली आणून त्यानं सही केली.

बाहेर येऊन त्यानं प्रज्ञेशला फोन लावला. बंद लागला. ती दोघं सकाळीच मुंबईकडं निघाली होती, आता विमानात बसली असतील. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यानं इकडं तिकडं पाहिलं. गोदाबाई पायरीवर चपला शोधत होती.

"काकू, कागद बदलला बघा. तीस वर्सांनी."

"बरं झालं," ती म्हणाली. चप्पल पायात सारली. "पर वाजीवली असतीस तर चार मानसं जास्त आली असती."

कचरूनं सायकल काढली. ते खरंही असेल.

फाइल वेळेत गेली. निधी मंजूर झाला आणि पावसाळा सरता सरता जमिनीचा ताबा घ्यायच्या नोटिसा निघाल्या. कचरू त्या घेऊन फिरला. पत्र्याच्या घराशी आला तर दाराला कुलूप. लेकांनी म्हातारीला आठवड्यापूर्वीच नेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. चूल थंड. अंगणात मोजणीवाल्यांनी ठोकलेली खुंटी.

त्यानं सायकल लावली. उंबऱ्यासमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणायला लागला. निम्म्यावर आला तेवढ्यात भिंतीपलीकडनं विमान उठलं. पत्रा थरथरला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. कचरू थांबला. विमान लहान होत होत दिसेनासं झालं तोवर थांबला.

मग त्यानं नोटीस पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केली.