वहाणा कुणाच्या होत्या

आमच्या घरात थोरल्या दिरांसमोर सुनेने मान वर करायची नाही, असा नेम होता. पदर नाकापर्यंत ओढून ओढून मी माणसं पायांवरून ओळखायला शिकले. सासूबाईंच्या टाचांच्या भेगा, नवऱ्याचा वाकडा अंगठा. नवऱ्याचा चेहरा तरी मी कुठे धड पाहिला होता! तो आठवडाभर पिंपरीच्या नव्या कारखान्यात, आणि रविवारी घरी आला की झोपलेला.

चाकणजवळच्या त्या मळ्यात लग्न होऊन येऊन मला वर्षही झालं नव्हतं. विहीर आमची आणि शेजाऱ्याची सामायिक होती. पाण्याच्या पाळीवरून दीर आणि शेजारी रोज एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार करत. एका दुपारी शेजारी कांद्याच्या वाफ्यात मरून पडलेला सापडला, डोक्यात कुदळीचा घाव. त्याच सुमारास मी धुणं घेऊन विहिरीवरून परतत होते आणि बांधावर कुणीतरी माझ्या अगदी जवळून घाईघाईने गेलं होतं.

खेडहून फौजदार आले. मला दाराआडून प्रश्न विचारले गेले. चेहरा पाहिलास का, हे कुणी विचारलंच नाही. चांगल्या घरची सून वर बघतेच कशाला?

"पायात काय होतं?"

"वहाणा."

"कुणाच्या?"

दीर ओसरीवरच बसले होते. वर्षाच्या बोलीने आमच्याकडे राबणाऱ्या सालगड्याला दर दिवाळीला त्यांच्या जुन्या वहाणा मिळत. चांभार एकच, घाटही एकच. फरक काय तो नव्याजुन्याचा.

"जुन्या," मी म्हणाले. "अंगठ्यापाशी ठिगळ होतं."

शेजाऱ्याने त्या सालगड्याला आठवड्यापूर्वी भर बाजारात थोबाडीत मारली होती. फौजदारांना आणखी काय हवं? खरं तर त्या दुपारी तो पलीकडच्या तुकड्यात पाणी देत होता. वाफ्यांना पाणी देणारा माणूस वहाणा घालत नाही, त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात असतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फौजदार मूळचे शहरातले होते. गाव मूग गिळून बसलं आणि मीही.

पुण्याच्या कोर्टात साक्ष द्यायच्या आधी सालगड्याची बायको दारात आली.

"बाई, तुमी वर बगितलं न्हाई, तर तसंच सांगा. वळकू आलं न्हाई, एवढंच म्हना. न्हाईतर आमचं धनी फासावर जातंय."

सासूबाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या. मी म्हणाले, "दिसलं ते सांगितलं." कोर्टातही तेच सांगितलं.

त्यानंतर मला पंचमीलासुद्धा माहेरी धाडलं नाही. विहिरीवर जाताना सासूबाई बरोबर. शेजारपाजारच्या बायका आल्या की मला चुलीपुढून उठू द्यायचं नाही. नवऱ्याजवळ रडले तर तो म्हणाला, "दादा सांगतील तसं ऱ्हा." जीव नुसता घुसमटायचा. त्याच घरात, त्याच दिरांना मी वीस वर्षं जेवायला वाढलं.

पुढे मुलींना मी ही हकीकत सांगत आले ती अशी: कोवळं वय, डोक्यावर पदर, दीर समोर बसलेले, भीतीने बोबडी वळली आणि तोंडून भलतंच निघालं. मुली माझ्यासाठी रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

आता त्या वेळचं कुणीच उरलेलं नाही, तेव्हा लिहून टाकते. बांधावर माझे दोन्ही हात धुण्यात अडकले होते. वाऱ्याने पदर उडाला आणि मी वर पाहिलं. समोर दीर होते. कुदळ त्यांच्या हातात होती. त्यांनीही मला पाहिलं. ओरडतील, मारतील असं वाटलं. त्यांनी कुदळ खाली टाकली आणि माझ्यापुढे हात जोडले.

त्या घरात मला कुणी हात जोडण्याची ती पहिलीच वेळ होती. मला बरं वाटलं. सालगड्याला फाशी झाल्याची बातमी आली त्या दिवशीही मी दिरांना गरम भाकरी वाढली, आणि त्यांनी मला हळूच विचारलं, "तू जेवलीस का?"