देवाला राखलेली काकडी

प्रमिलाच्या हातून दोन घास खाणार नाही असा म्हातारा अजून जन्माला यायचाय, असं जव्हारच्या त्या रुग्णालयात सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर प्रमिलालाही ते मनातून पटलेलं होतं. अकरा वर्षं ती तिथं कंत्राटावर आया होती. चमचा तोंडाशी नेण्याआधी ती माणसाचा पाडा विचारायची, बैलांची नावं काढून घ्यायची, सुनेची चार गाऱ्हाणी ऐकायची. बोलता बोलता तोंड उघडलं की घास आत! नाटकात पात्राला प्रवेशाची वेळ अचूक कळावी लागते, तशी तिला घासाची वेळ कळायची.

मग आला दोन हजार वीसचा भाद्रपद. वरच्या मजल्यावर करोनाचा वॉर्ड झाला आणि प्रमिला पांढऱ्या किटमध्ये नखशिखान्त गुंडाळली गेली. आत घामाची धार, चष्म्यावर वाफ, बोललेलं शेजारच्याला ऐकू जाईना. तरणी माणसं यायची ती तापानं फणफणत, खोकत. म्हाताऱ्यांची तऱ्हा निराळी. ऐंशी-नव्वदीच्या माणसाला ना ताप, ना खोकला. तो नुसता जेवायचं सोडायचा, नाहीतर उठून कुठंतरी जायला निघायचा. घरच्यांना वाटायचं, वय झालं. इथं आणून बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला की आकडा ब्याऐंशी.

सुकरीआजी तशीच आली. वांगणीच्या पुढच्या पाड्यावरून मुलानं, फागूनं, गोधडीच्या झोळीत घालून चिखलातून सडकेपर्यंत आणली. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे तीस. त्या पाड्यावरचे सगळेच म्हातारे एक जानेवारीला जन्मलेले, तेव्हा नव्वदीला दोन वर्षं इकडे की तिकडे, देव जाणे. फागूला फाटकावरूनच माघारी जावं लागलं आणि म्हातारी एकटी वर आली. सहा नंबरची खाट, नाकात ऑक्सिजनची नळी. तिला पुसताना प्रमिलाला दिसलं, लुगड्याच्या काठाची बोटभर रुंद पट्टी फाडून काढलेली. गरिबाचं लुगडं, फाटायचंच, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

सोडून देता येईनात ते म्हातारीचे हात. दिवसभर चाळा चालू. चादरीवरून काहीतरी खुडायची, मुठीत धरायची, बाजूला ठेवायची, पुन्हा खुडायची. मधेच पाय खाली सोडून उठायला बघायची.

"भ्रम आहे," हर्षदा सिस्टर म्हणाली. "या वयात ऑक्सिजन कमी पडला की होतो. तू तिच्या पोटात काहीतरी जाऊ दे, बाकी मी बघते."

ताटात भात, डाळ, उकडलेलं अंडं आणि कडेला काकडीचे चार काप. म्हातारीनं ताट पाहिलं आणि ओठ असे मिटले की जणू टाके घातले. प्रमिलानं पाडा विचारला, बैल विचारले, सुना काढल्या. सगळं सांगितलं म्हातारीनं, पण मान भिंतीकडे वळवून! चमचा हवेत तसाच. एक दिवस गेला. दुसरा गेला. कोरा चहा आणि पाणी, यापलीकडे काही नाही. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "माना नाय चालं. माझा नवा व्हायचा हाय."

प्रमिलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवं! तिची आजी मोखाड्याकडच्या पाड्यावरची होती. नवा भात, नवी काकडी आधी देवाला आणि घरातल्या मेलेल्या वडिलधाऱ्यांना दाखवायची, मग घरानं तोंडात घालायची. तोवर नव्याला हात नाही. परक्या चुलीवरचा भात जुना की नवा, म्हातारीला काय ठाऊक? म्हणून सगळं ताटच वर्ज्य. प्रमिलाला एवढं आठवलं. पण बाप पंचायत समितीत शिपाई, ती वाढली जव्हारच्या चाळीत, बाकीचं तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. आणि अर्धं आठवणारा माणूस फार धीट असतो.

"आजी," ती कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "फागूचा फोन आलेला. घरी नवं झालं! आता खुशाल खा."

म्हातारीचे हात थांबले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"काकडी कापली?"

"कापली की."

"कोणाचे हातानं?"

"फागूच्या. आणखी कोणाच्या?"

सुकरीआजीनं तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. प्रमिला चमचा घेऊन उभी. ओठ उघडेनात.

मधल्या हिरव्या पडद्यापलीकडून घोगरा आवाज आला. पाच नंबरचा बुधा होता तो, मोखाड्याकडचा, पंचाऐंशीच्या घरातला. दिवसभर सगळ्यांना शिव्या घालायचा, म्हणून सगळ्यांचा लाडका.

"काय केलास गं बाई! घरातला सगळ्यांत जुना माणूस जिता असताना दुसरा कोणी नवं कापतो का? तो मेला की मग पोरगा कापतो. आणि मेलेल्यांच्या वाट्यांत त्याची एक वाटी वाढवतो." त्याला धाप लागली, तरी वाक्य सोडलं नाही. "तू तिला सांगलास, तुझ्या घरानं तुला मेली धरली. आता मेलेला माणूस जेवंल कसा?"

प्रमिला पुन्हा म्हातारीच्या कानाशी वाकली.

"आजी, मी खोटं बोलले. फोन आलाच नाही कुणाचा!"

म्हातारीनं डोळे उघडले नाहीत. "तवां खोटा बोललीस का आता बोलतेस?"

त्या दिवसापासून तिनं पाणीही नाकारलं. सलाईन लागलं. चाळा करणारे हात आता इतके स्वस्थ होते की प्रमिलाला ते बघवेनात. ती दर तासाला काहीतरी निमित्त काढून सहा नंबरला जाई, नखांना हात लावून बघे, आकडा बघे. सत्त्याऐंशी. पंचाऐंशी. सुटी झाली की गॅलरीत येऊन केसपेपरवरचा फागूचा नंबर लावी. नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पाच वेळा, दहा वेळा तेच. पाड्यावर रेंज नव्हतीच. फोन लागायला खडकावर चढावं लागे आणि पावसात कोण चढतंय!

"अगं, तिला भ्रम होता, विसरली असेल," हर्षदा म्हणाली.

"ती नाही विसरली. आणि भ्रमही नव्हता. शेतातलं भात खुडत होती ती. आपल्याला वाटलं, चादर ओढते."



दुसऱ्या दिवशी सकाळी बुधा गेला. त्याच्या घरचा कोणी पोचला नाही. खाट पुसताना प्रमिलाला त्याच्या शिव्या आठवत राहिल्या. पडदा बाजूला केला तर सुकरीआजी रिकाम्या खाटेकडे बघत होती. प्रमिला तशीच खाली धावली. रुग्णवाहिकेचा गौतम वांगणीकडून एक बाळंतीण आणायला निघत होता.

"गौतमदादा, पुढच्या पाड्यावर फागूला निरोप दे. मी आजीला खोटंच सांगितलंय, की त्यानं काकडी कापली. म्हणावं, नवं झालं नसेल तर तसं दाखवायला ये. आणि झालं असेल तर..."

"झालं असंल तर काय?"

"तर येऊ नको म्हणावं."

पुढचा अख्खा दिवस तिनं फाटकाकडे बघत काढला. कुत्रं भुंकलं तरी गॅलरीत. हर्षदा वैतागून म्हणाली, "तुला नेमलंय कशाला, आया म्हणून की वॉचमन म्हणून?"

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, फागू फाटकाबाहेर उभा. साठीचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचं घोंगडं. लांबूनच ओरडला, "आयस मेली का?"

"नाही रे बाबा! नवं झालं का तुमचं?"

"कसां होल? ती हितं, आम्ही थितं!" म्हातारा चिडला होता. "रेशनचा जुना भात खातों. काकड्या वेलावर पिवळ्या पडल्या, पोरां रडतात. मी सांगलां, आयस येल तवां. आणि गौतम सांगतो, हितल्या बाईनं माझे नावानं काकडी कापली! कोण ती?"

प्रमिलानं मास्क वर ओढला. "मीच ती."

फागू तिच्याकडे बघत राहिला. मग सागाच्या पानांचं गाठोडं फाटकाशी ठेवून चार पावलं मागं सरला. "घे. आता खरी काप."

आत भाताच्या दोन ओल्या लोंब्या होत्या आणि दोन काकड्या. एक साधी. दुसरी मोठी, पिवळट, आणि तिच्या देठाला एक चिंधी बांधलेली. चिंधी पाहिली आणि प्रमिला पायऱ्यांवरच थबकली. हा काठ तिच्या ओळखीचा होता.

साधी काकडी तिनं ड्यूटी रूममध्ये ठेवली. किट चढवलं आणि लोंब्यांसकट दुसरी घेऊन सहा नंबरशी गेली. म्हातारीनं आधी हुंगली. वास येईना. करोनानं वास नेला होता. तिचा चेहरा पडला. मग बोटं देठाकडे गेली आणि चिंधीवर थांबली. गाठ चाचपली. एकदा, दोनदा. श्रावणात पहिली काकडी धरली तेव्हा तिनंच लुगडं फाडून बांधलेली गाठ. ही देवाची, हिला हात नाही. गाठ तशीच होती.

"नाय कापली," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग कितीतरी दिवसांनी मोठ्यानं, "सुरी आण गं खोटारडे!"

हर्षदानं टेबलावरची फळं कापायची सुरी दिली. डोकं हलवलं, पण दिली. म्हातारीनं गाठ सोडली, चिंधी कनवटीला लावली आणि स्वतःच्या हातानं काकडी चिरली. सागाच्या पानावर, खिडकीच्या कट्ट्यावर, लोंब्यांशेजारी एकेक काप. सासऱ्याला. सासूला. नवऱ्याला. दोन लेकींना, ज्या लहानपणीच गेल्या. प्रमिलाला वाटलं संपलं. म्हातारीनं आणखी एक काप ठेवला आणि पडद्याकडे हात केला.

"त्याचा कोणी नाय आला ना?"

मग एक काप प्रमिलापुढं. "खा."

"मला इथं खाता येत नाही, आजी. तोंड उघडलं तर मला होईल."

"घरातल्यांनी खाल्ल्याबिगर मी कशी खाऊ? फागू खाली. हितं तूच हायस."

झाली का पंचाईत! एका पाळीला एकच किट, काढलं की परत चढवायचं नाही. प्रमिलानं हर्षदाकडे पाहिलं. हर्षदानं कपाळाला हात लावला. "जा. पाळी मी काढते. आयुष्यात पुन्हा खोटं बोललीस तर बघ!"

प्रमिला बाहेर गेली. किट उतरवलं, हात धुतले, गॅलरीतून खाली ओरडली, "फागूदादा, कापली रे तिनं! आता घरी जाऊन कापा!" आणि ड्यूटी रूममधली साधी काकडी कापून घेऊन वॉर्डाच्या दाराच्या काचेपाशी उभी राहिली.

आतून म्हातारी बघत होती. प्रमिलानं काप तोंडात घातला आणि चावून दाखवला, गाल फुगवून, चांगला मोठ्ठा, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावा असा. काकडी जून झालेली, आंबूस होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळंच, असं तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

सुकरीआजीनं बराच वेळ पाहिलं. मग आपला काप उचलला, बोळक्या तोंडात घातला आणि हिरड्यांनी चघळायला लागली. गिळला. हर्षदानं बोटाचा चिमटा पाहिला. सत्त्याऐंशी. बरा नव्हे, पण काल पंचाऐंशी होता.

म्हातारीनं ताटाकडे बोट केलं आणि काचेतून प्रमिलाला काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. हर्षदानं दार किलकिलं करून सांगितलं,

"म्हणते, भात गार झालाय. तुझ्या घरी असा गारच वाढतात का?"