शून्यं कमी करण्याचा ठराव

आमच्या फेरीवाला मंडळाचा नियम होता: सभेत मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय लोकांत काहीही वाटायचं नाही. मी अक्षरं शिकलो तीच पत्रकांवर, त्यामुळे हा नियम मला प्राणासारखा होता.

अमरावतीत भाजी-फुलंवाल्यांना रस्त्यावरून उठवायचं चाललं होतं. सोमवारी महापालिकेत सुनावणी. त्याआधी पत्रक पोचलं तरच दर्यापूर-अकोल्याची माणसं साथीला येणार होती. आमची वेबसाइट कुणाच्या तरी तक्रारीनं बंद पडलेली. म्हणून मी ब्राउझरला जोडायचं प्लगइन लिहिलं. तेव्हाचे ब्राउझर असली प्लगइनं चालवू द्यायचे. ते बसवलं की प्रत्येक संगणक आपल्याकडचं पत्रक दुसऱ्या संगणकाला थेट देणार. मधे सर्व्हर नाही, मालक नाही, बंद पाडायला कुणी सापडणारच नाही!

अध्यक्ष असलेले वकीलकाका म्हणाले, "झकास. वाच आता."

"काका, ते यंत्राच्या भाषेत उतरवलंय. मी लिहिलेला मूळ मजकूर वाचतो."

"मूळ वाटून राह्यला का तू? जे वाटतं ते वाच. न वाचता कायीच घेऊ नका, हे तूच लिहितं ना लोकायले?"

मी उभा राहून वाचू लागलो. "चार डी, पाच ए, नऊ शून्य, शून्य शून्य, शून्य तीन, शून्य शून्य, शून्य शून्य..."

अर्ध्या तासानं फुलंवाल्या मावशीनं हात वर केला. "बाप्पा! इतके शून्य कायले भरले रे?"

"ते लागतात, मावशी."

"आमच्या मागणीच्या पत्रकात त एकबी नाई."

लगेच दुरुस्ती आली: सलग शून्यं आली तर एकच ठेवावं. अनुमोदन मिळालं. ठराव मंजूर, विरोधात एक मत, माझं.

बहुमत ते बहुमत. मी शून्यं काढली. प्लगइन बसवताच ब्राउझर मुकाट बंद झाला. शून्यांसकट मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती. ती वाटली असती तर कुणाला कळलंही नसतं. हात दोनदा तिकडे गेला. शेवटी काकांकडे गेलो. "ठरावाप्रमाणे केलं. मेलं ते."

"मंग ठराव मागं घ्या लागते. सभा बोलाव. पण नोटीस तीन दिवसांची."

सुनावणीला दोनच दिवस होते.

छापील पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी दर्यापूरच्या जीपमधे बसलो. अकोला राहूनच गेलं. सोमवारी दर्यापूरहून दोन जीपा भरून बायका आल्या, घोषणांनी आवार दणाणलं, आणि सुनावणी घेणारे साहेबच रजेवर निघाले. सुनावणी पंधरा दिवस पुढे.

मी संतापानं लाल झालो होतो. काका मात्र खुशीत. "चाल, आता नोटीस काढता येते!"